कंट्रोलरसाहेबांचा फळा

कंट्रोलरसाहेबांनी मला कधी एका दिवसाचीही सवलत दिली नाही. हे मी तक्रार म्हणून लिहिते आहे, कौतुक म्हणून कोणी वाचू नये. माझा धंदा बारदानाचा, म्हणजे गोणपाटाच्या जुन्या पोत्यांचा. पोती विकत घ्यायची, बायका लावून दाभणाने शिवून घ्यायची आणि कांद्याच्या हंगामात व्यापाऱ्यांना विकायची. मी स्वतः त्या शिवणाऱ्या बायकांमध्ये बसून सुरुवात केली आणि दहा वर्षांत गावातल्या द्वारका चौकाजवळ स्वतःचं गोदाम घेतलं. पिंपळगाव बसवंतचे भलेभले व्यापारी माझ्यासमोर भाव सांगायच्या आधी पाणी मागायचे. आणि हा एक निवृत्त माणूस, हातात खडूचा तुकडा घेऊन मला म्हणायचा, "अगं बारदान, नियम वाच."

ते एसटीत वाहतूक नियंत्रक होते. सगळी नोकरी बसस्थानकाच्या खिडकीत बसून गाड्या सोडण्यात गेली. निवृत्त झाल्यावर सोडायला गाड्या राहिल्या नाहीत, म्हणून त्यांनी कॉलनीतली मुलं सोडायला घेतली. कल्पना साधी होती. उन्हाळ्याची सुट्टी सहा आठवड्यांची. कॉलनीत बारा घरं अशी, की आईबाप दोघंही कामावर आणि घरी बघायला कोणी नाही. एकेकट्याने सहा आठवडे रजा काढायची म्हटलं तर नोकरी जाईल. पण बारा घरांनी तीन-तीन दिवस दिले, की सुट्टी संपते. ज्या दिवशी ज्याचं घर, त्या दिवशी कॉलनीतली सगळी सतरा मुलं त्याच्याकडे. बाकीची अकरा घरं निर्धास्त.

हे सगळं त्यांच्या ओट्यावरच्या काळ्या फळ्यावर लिहिलेलं असे. तारीख, घर, सुटण्याची वेळ, परतण्याची वेळ. सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी त्यांची शिट्टी वाजे. मुलं ताट, वाटी, पेला आणि खांद्यावर रुमाल टाकून रांगेत उभी राहत. मग साहेब नाकात आवाज काढून, समोर कर्णा असल्यासारखे बोलत, "प्रवाशांनी लक्ष द्यावे. आजची गाडी पोस्टाच्या घरी जात आहे. वाटेत कुठेही थांबणार नाही."

पोस्टाचं घर म्हणजे जिथला नवरा पोस्टात होता ते. मोठ्या माणसांची नावं त्यांनी कधी लक्षात ठेवली नाहीत. अरे पोस्ट, अरे विमा, अगं बँक. सगळ्यांना अरेतुरे. मुलांना मात्र अहोजाहो. चार वर्षांच्या शेंबड्या पोराला ते वाकून म्हणत, "राव, आपला पेला घरी राहिला आहे. आपण घेऊन येता का? गाडी दोन मिनिटं थांबवतो." ते पोर असं काही छाती काढून पळे, की बघत राहावं.

नियम नऊ होते. ज्याचा दिवस त्याने स्वतः घरी हजर राहायचं, बदली माणूस चालणार नाही. जेवणात एकच पदार्थ, पण पोटभर. टीव्ही बंद. आणि एक नियम असा, की कोणत्याही मुलाला परीक्षेतले मार्क विचारायचे नाहीत. विचारले तर त्या घराला एक दिवस जादा. पहिल्याच वर्षी विमावाल्याने साडेआठला सहज विचारलं, "काय रे, गणितात किती?" नऊला फळ्यावर त्याच्यापुढे चौथा दिवस चढला होता. कोणी सांगितलं म्हणून विचारलं, तर साहेब म्हणाले, "प्रवाशांनी तक्रारवही मागितली."

मी या फळ्यावर कशी आले ते सांगते. माझा नवरा ट्रकवर. महिन्यातून आठ दिवस घरी. मे महिना माझ्या धंद्याचा ऐन हंगाम, त्यामुळे मुलीला मी गोदामातच नेत असे. ती सात वर्षांची असताना एका दुपारी पोत्यांच्या थप्पीआड झोपून गेली. वरून गठ्ठे टाकणाऱ्या हमालांना ती दिसली नाही. एक गठ्ठा तिच्या डोक्यापासून वीतभर अंतरावर पडला. गठ्ठ्याचं वजन मला माहीत होतं. त्या दिवशी मी तिला मारलं, हमालांना शिव्या दिल्या, आणि घरी आल्यावर तीन काड्या ओढूनही मला स्टोव्ह पेटवता येईना. पुढच्या एप्रिलमध्ये मी साहेबांच्या ओट्यावर जाऊन उभी राहिले.

"साहेब, माझी एक मुलगी आहे. तिला घ्या."

"तीन दिवस. कोणते देतेस?"

"दिवस जमायचे नाहीत, माझा हंगाम आहे. त्याऐवजी सगळ्या मुलांचा रोजचा नाश्ता माझ्याकडून. पूर्ण सहा आठवडे."

"नको."

"वर आंब्याच्या चार पेट्या."

"नको."

"बरं, दीड दिवस. तुमचं नाही, माझं नाही."

त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला. "अगं बारदान, सिन्नरची पाटी लावलेली गाडी निम्म्या वाटेवर रिकामी करतात का? तीन."

मी तीन म्हणाले. समोरच्याने सांगितलेला पहिलाच भाव मी तेव्हा प्रथम मान्य केला. घरी येईपर्यंत माझे कान तापले होते.

माझा पहिला दिवस आला. सतरा मुलं माझ्या दोन खोल्यांत. अकरापर्यंत मी तग धरला. पण पिंपळगावचा एक मोठा व्यापारी गोदामावर येऊन बसला होता आणि तो निघून गेला असता तर निम्मा हंगाम गेला असता. माझी नणंद गावाहून आलेली होती. तिला म्हटलं, तासाभरात येते. आणि गेले.

साहेब सायकलवरून अचानक तपासणी करत, हे मला माहीत होतं. पण ते त्याच दिवशी, त्याच तासात येतील असं वाटलं नव्हतं. नणंदेने नंतर सांगितलं, ते दारात उभे राहिले आणि मुलांची डोकी मोजली. नणंद म्हणाली, "वहिनी गोदामात गेल्यात. मी हाय ना." साहेब म्हणाले, "तू फळ्यावर नाहीस." बाहेर जाऊन त्यांनी दोन सहा आसनी रिक्षा थांबवल्या.

इकडे मी आणि व्यापारी ऐन रंगात आलो होतो. मी त्याच्या कांद्याचा, त्याच्या खानदानाचा आणि त्याच्या काट्याचा उद्धार करत होते. एवढ्यात दारात शिट्टी वाजली.

"प्रवाशांनी सावकाश उतरावे. आपापले ताट सांभाळावे."

सतरा मुलं आत आली आणि पोत्यांच्या गठ्ठ्यांवर ओळीने बसली. साहेब म्हणाले, "बारदान, दिवस तुझा आहे. मुलं तुझ्याकडे आहेत. जेवण एक वाजता." आणि ते दाराशी हात मागे बांधून उभे राहिले.

व्यापारी बघतच राहिला. "वहिनी, ही कोणाची पोरं?"

"कॉलनीची."

"समदी?"

"एक माझी."

मी भाव पुढे करायला तोंड उघडलं. चौतीस डोळे माझ्याकडे. तोंडात आलेली शिवी मी गिळली. दुसरी आली, तीही गिळली. शेवटी म्हणाले, "आपण सांगता तो भाव मला योग्य वाटत नाही."

व्यापारी चपापला. "वहिनी, तब्येत बरी हाय ना?"

शिवीशिवाय भाव करणं म्हणजे मिठाशिवाय जेवण करणं. माझ्या वाक्यांना जोरच येईना. तो भाव एकेक पायरी खाली ओढत गेला आणि मी 'आपण विचार करावा' म्हणत मागे सरकत गेले. पाऊण वाजता एक सहा वर्षांची मुलगी ताट वाजवून म्हणाली, "काकू, भूक लागली." मी त्याच्या भावाला माल सोडला. व्यापारी जाताना साहेबांना म्हणाला, "बाबा, दर हंगामाला येत जा." शिवणाऱ्या बायकांनी आपापल्या भाकऱ्या सोडल्या, मी समोरून भजी आणली, आणि मुलं अशी जेवली जणू लग्नाला आली होती.

संध्याकाळी फळ्यावर लिहिलेलं होतं: बारदान, एक दिवस जादा.

मी ते पदराने पुसलं. सकाळी ते दुप्पट मोठ्या अक्षरांत होतं.

म्हटलं, जादा दिवस हवा ना, मग असा देते की लक्षात राहील. माझे वडील बैलबाजारात दलाली करत. त्यांच्याकडून मला इस्टेट म्हणून एकच गोष्ट मिळाली, रुमालाखालचा भाव. दोघांनी हातावर रुमाल टाकायचा, आत एकाने दुसऱ्याची बोटं धरायची. जितकी बोटं धरली तितका आकडा. तोंडाने फक्त होय किंवा नाही. भोवतालच्या लोकांना काही कळत नाही. हे मी त्या दिवशी सतरा मुलांना शिकवलं. घरातलं सगळं सामान जमिनीवर मांडलं, प्रत्येकाला मूठभर चिंचोके दिले आणि बाजार उभा केला. लाटणं विकलं गेलं, माझी चप्पल दोनदा विकली गेली, पोस्टाच्या पोराने पंखा विकत घेतला आणि तो चालू करायचं भाडं लावलं. मी त्यांना एक शेवटची युक्तीही सांगितली. भाव अडला की हात सोडायचा, पाठ फिरवायची आणि चालायला लागायचं. समोरच्याला गरज असेल तर तो तिसऱ्या पावलाला हाक मारतो. संध्याकाळी सहाला परतीची शिट्टी वाजली तेव्हा एकही मूल उठायला तयार नव्हतं. माझा आवाज बसला होता आणि गोदामाची आठवण मला दिवसभर झाली नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून कॉलनीत धुमाकूळ सुरू झाला. मुलं घराघरांत हातावर रुमाल टाकून उभी राहू लागली. दूध अर्धा पेला. आंघोळ एक दिवसाआड. पाढे सातापर्यंतच. विमावाला चहा पीत असताना त्याच्या मुलीने त्याची दोन बोटं धरली आणि दोन दिवस अभ्यासाला सुट्टी घेतली, त्याला कळलंसुद्धा नाही. आठवड्यात नऊ घरांची तक्रार गेली. निम्म्याहून जास्त घरांची तक्रार आली की त्या घराचं नाव फळ्यावरून काढायचं, हा नववा नियम. नाव गेलं असतं तर हंगामाचे चार आठवडे बाकी होते आणि माझी मुलगी पुन्हा त्या थप्प्यांमध्ये.

रविवारी सकाळी सात दहाला गच्चीवर बैठक. मोठी माणसं उभी, मुलं बसलेली. साहेबांची रीतच ती.

पोस्टाची बायको म्हणाली, "आमचा मुलगा दीड पोळीवर अडून बसलाय. म्हणतो, दोन परवडत नाहीत."

काही जण हसले. पण बँकेत काम करणारी बाई हसली नाही. ती शांतपणे म्हणाली, "आम्ही कामावर जातो ते मुलं चांगल्या हातांत आहेत या भरवशावर. या बाईंनी पहिल्याच दिवशी मुलं सोडून दिली. नंतर हे. मला भरवसा वाटत नाही."

मी आवाज चढवला. नाश्ता, आंबे, हंगाम, सगळं काढलं. साहेब म्हणाले, "बारदान, तू गप्प. नियम स्पष्ट आहे." आणि त्यांनी खिशातून फडकं काढलं, फळा पुसायचं.

तेवढ्यात माझी मुलगी उठली. "कंट्रोलर आजोबा, मला बोलायचंय."

"ताई, बोला आपण."

"बारा घरं दिवस देतात. तुम्ही एकही देत नाही."

हे आमच्यापैकी कोणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. साहेबांच्या ओट्यापलीकडे कोणी कधी गेलं नव्हतं.

"ताई, मला मूल नाही."

"घर आहे ना. रुमाल आणा."

साहेबांनी कॉलरला खोचलेला रुमाल काढला. तिने त्यांचा हात उलटा करून नीट धरवला, "असं धरायचं," म्हणाली आणि वर रुमाल टाकला. आम्ही बारा घरांची माणसं त्या रुमालाकडे बघत होतो. आत काहीतरी हललं. साहेब म्हणाले, "नाही." पुन्हा हललं. ती म्हणाली, "नाही." मग साहेबांनी मान हलवली. "नाही."

तिने हात सोडला, फ्रॉकला पुसला, पाठ फिरवली आणि जिन्याकडे चालायला लागली. एक पाऊल. दोन. ती युक्ती जोखमीची आहे. समोरचा गप्प राहिला तर परत यायला तोंड उरत नाही.

"ताई," साहेब म्हणाले, "थांबा."

पुन्हा रुमाल. मग त्यांनी हात बाहेर काढला आणि नाकातल्या आवाजात सांगितलं, "फळ्यावर बदल. कंट्रोलर, तीन दिवस. बारदान, नाव कायम, यापुढे दर सुट्टीत पाच दिवस. रुमालाचा बाजार फक्त बारदानाच्या दिवशी, घरी नाही."

पोस्टाची बायको म्हणाली, "पण साहेब..."

"गाडी सुटली."

जिन्यावर मी मुलीचा दंड धरला. "पाच कशाला कबूल केलेस? माझा हंगाम आहे."

"ते सहा मागत होते," ती म्हणाली.

साहेबांचे तीन दिवस मी दारातून पाहिले. लिंबं द्यायच्या निमित्ताने गेले होते. आत एक खाट, एक खुर्ची, एक स्टोव्ह. बाकी सगळ्या फरशीवर त्यांनी खडूने जिल्ह्याचे रस्ते काढले होते. वणी खाटेखाली, पिंपळगाव खिडकीशी, घाट मोरीच्या पायरीवर. प्रत्येक मूल एकेका थांब्यावर बसलेलं. साहेब गुडघ्यांवर रांगत गाडी नेत होते आणि मुलं त्यांना थांबवत होती. एक जण ओरडला, "आजोबा, इथे पुढारी रस्ता अडवून बसलाय, गाडी सोडायची नाही." वरणाचं पातेलं स्टोव्हवर उतू जात होतं. मी आत पाऊल टाकलं तर रांगतच म्हणाले, "बारदान, तू आज फळ्यावर नाहीस." पाच वर्षं मी माझे पाच दिवस दिले. एकदाही त्यांनी बरं झालं म्हटलं नाही. तारीख बदलून मागितली की म्हणायचे, "व्यवहार ताईंशी झालाय. त्यांना विचार."

मुलगी तेराची झाली आणि नियमाप्रमाणे फळ्यावरून उतरली. मी ओट्यावर गेले. म्हटलं, मुलगी नाही तर नाही, माझे दिवस चालू ठेवा. तोवर माझ्याकडे गोदामावर बघायला माणूस होता आणि ते पाच दिवस मला वर्षभर दिसायचे, हे अर्थात मी बोलले नाही.

"ज्याचं मूल फळ्यावर नाही, त्याचा दिवस नाही."

"तुमचं तरी कुठे आहे?"

"माझा करार आहे."

मी त्यांच्याशी चार वर्षं बोलले नाही.

मग दिवस पालटले. कांद्याला जाळीच्या प्लास्टिकच्या पिशव्या आल्या, मीही बारदान कमी करून त्या ठेवू लागले. कॉलनीत पैसे भरून पाठवायची सुट्टीतली शिबिरं आली. पोहणं, चित्रकला, इंग्रजी संभाषण. एकेक घर फळ्यावरून गळत गेलं.

एका मे महिन्यात, भर हंगामात, साहेब गोदामाच्या दारात दिसले. गुडघे गेले होते, चालत आले होते. मी खुर्ची दिली, चहा सांगितला.

"मुलं तीन उरली आहेत," ते म्हणाले. "घरं दोन. गाडी आता आठवडाभरच धावते. तिसऱ्या ज्या ताई आहेत, त्यांची आई दवाखान्यात कामाला. तिच्या ड्युट्या बदलल्या. दोन दिवस रिकामे आहेत."

चार वर्षं मी या माणसाला सुनवायची वाक्यं तयार ठेवली होती. "साहेब, नियमात बसत नाही. माझं मूल फळ्यावर नाही."

"नाही बसत. बसत असतं तर लिहून मोकळा झालो असतो. चालत कशाला आलो असतो?"

"मला काय मिळेल?"

"काही नाही."

आमच्या धंद्यात गरजू माणूस समोर आला की घाई करायची नसते. मी चहा संपवला. हिशोबाची वही उघडली, मिटली.

"चार दिवस देते," मी म्हणाले.

त्यांनी खिशातून छोटी डायरी काढली. "दोन रिकामे आहेत."

"तीन घ्या."

"दोन."

"अहो साहेब, मी देते म्हणतेय ना. फुकट देतेय. हंगाम आहे माझा आणि मी देतेय." माझा आवाज चढला. शिवणाऱ्या बायकांचे हात थांबले.

"ओरडू नकोस," ते म्हणाले आणि दोन तारखा लिहून उठले.

ते दोन दिवस मी गोदामाला कुलूप लावलं, मे महिन्यात, धंदा सुरू केल्यापासून पहिल्यांदाच. तिसऱ्या दिवशी सकाळी आठला मी पुन्हा ओट्याशी जाऊन उभी राहिले, सहज. साहेब तिन्ही मुलांची ताटं तपासत होते. त्यांनी वर न बघता फळ्याकडे बोट केलं. तिथे दुसऱ्या घराचं नाव होतं. मी माघारी फिरले आणि तीन पावलं मुद्दाम सावकाश टाकली. त्यांनी हाक मारली नाही.